बँक नाही, प्रमोदिनी बोलतेय

प्रमोदिनी डबीर यांच्या आवाजातच असं काही होतं, की तो ऐकून माणूस जरा सैल व्हायचा. जुन्या इंदुरातल्या एका होमिओपॅथीच्या दवाखान्यात त्या कितीतरी वर्षं पेशंटांची नावं लिहून घ्यायच्या, पुड्या बांधायच्या आणि फोन उचलायच्या. मराठी माणूस असला तर "बोला, काय होतंय?" आणि एरवी "बोलिए, क्या तकलीफ है?" हे त्यांचं फोनवरचं पहिलं वाक्य. डॉक्टर हसून म्हणायचे, "आंटी, आप तो फोन पे ही ठीक कर देती हो, माझ्यापर्यंत पेशंट येणार कसा?"

गेल्या वर्षी जिन्यावरून घसरून प्रमोदिनीबाईंचा घोटा मोडला. प्लास्टर, मग काठी, मग पुन्हा सूज, असं करत त्या बरेच महिने घरात अडकल्या. त्या काळात स्वतःच्या मोबाईलचं रिचार्ज करायचं राहूनच गेलं. काही काम पडलं तर यजमानांचा, शामरावांचा फोन होताच. शामराव आरटीओतून रिटायर झालेले, दिवसभर घरीच. पाय बरा होऊन दवाखान्यात जायची वेळ आली तेव्हा कळलं, की जुना नंबर कंपनीनं बंद करून दुसऱ्याच कुणाला देऊन टाकलाय.

"मतलब काय? माझा नंबर दुसऱ्याला कसा दिला?" प्रमोदिनीबाईंनी सिमवाल्याला विचारलं.

"आंटी, वापरला नाही तर नंबर परत जातो. मग नव्या माणसाला देतात. असंच चालतं," असं म्हणत त्यानं आधार घेतलं, फोटो काढला आणि नवं सिम हातात ठेवलं. नंबर छान होता, लक्षात राहण्यासारखा. शेवटी तीन शून्यं. बाईंना आवडला. त्याच आठवड्यात त्यांनी बँकेत फॉर्म भरून तो खात्याला जोडून घेतला, गॅसवाल्याला कळवला, बहिणीला कळवला.

पहिला फोन आला तेव्हा त्या दवाखान्यात पुड्या बांधत होत्या. सवयीनं म्हणाल्या, "बोलिए, क्या तकलीफ है?"

"मैडम, कार्ड ब्लॉक हो गया है," पलीकडचा माणूस घाईत होता. "नंबर लिखिए," असं म्हणून त्यानं कार्डावरचे आकडे भराभर सांगायला सुरुवात केली. बाईंच्या हातात पेन होतंच. चार आकडे लिहूनही झाले, तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात उजेड पडला, की हा काही औषधासाठी बोलत नाहीये.

"अहो भैया, थांबा, थांबा. ये दवाखाना है."

"दवाखाना? बैंक का हेल्पलाइन नहीं है?"

"नाही हो. राँग नंबर."

दुपारी आणखी एक आला. संध्याकाळी भाजी घेताना तिसरा. दुसऱ्या दिवशी तर रांगच लागली. कुणाचे पैसे एटीएममधून निघाले नव्हते पण खात्यातून कापले गेले होते, कुणाला पेन्शनचा मेसेज आला नव्हता, कुणी पासवर्ड विसरलं होतं. सगळे "मैडम, मैडम" करत होते. आणि बाईंना सगळ्यांत नवल वाटलं ते याचं, की कुणीही 'तुम्ही कोण' म्हणून विचारत नव्हतं. आधी जन्मतारीख सांगत, मग कार्डाचा नंबर, मग त्यामागचे तीन आकडे. एका बाईनं तर न विचारता आईचं माहेरचं नाव सांगितलं.

"अहो, लोक मला का सांगून राहिले हे सगळं?" त्यांनी रात्री जेवताना शामरावांना विचारलं. "मी काय चेहऱ्यानं बँक दिसते का? चेहरा तर दिसतही नाही फोनवर."

"राँग नंबर म्हणायचं आणि ठेवून द्यायचा," शामराव म्हणाले. "तू गप्पा मारत बसतेस."

"गप्पा कुठे? ते ऐकतच नाहीत. एक म्हणाला, आपकी आवाज से ही लगता है आप बैंक से हो."

मग वेगळे फोन यायला लागले. एका सकाळी देवासचा कुणी माणूस, नाव सांगितलं नाही, एकदम ओरडायलाच लागला. "चोर कहीं के! मेरी बेटी की फीस का पैसा था वो!" बाई "अहो ऐका तरी" म्हणत राहिल्या. तो शिव्या देत राहिला. शेवटी त्याचा आवाज फाटला आणि तो रडायला लागला. फोन तसाच चालू. बाईंना ठेवावा का धरून राहावं कळेना. त्यांच्याही डोळ्यांत पाणी आलं. आपण काहीच केलं नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, तरीसुद्धा वाटत राहिलं, जणू त्यांच्याच हातून काही झालं होतं.

रविवारी भाची आली. अबोली इंदुरातच, भंवरकुआंला एका कोचिंगमध्ये गणित शिकवायची, तिथेच खोली घेऊन राहायची. तिनं मावशीचा नंबर आपल्या फोनवर टाकून बघितला आणि कपाळाला हात लावला.

"मावशी, हे बघ. तुझा नंबर नेटवर बँकेची हेल्पलाइन म्हणून टाकलाय कुणीतरी. एक पेजच बनवलंय. बँकेचं नाव, रंग, सगळं तसंच. आणि खाली तुझा नंबर."

"माझा? पण मी तर आत्ता आत्ता घेतला."

"अगं, तुझ्या आधी हा नंबर त्या लोकांकडे असणार. फसवणारे. लोक नेटवर बँकेचा नंबर शोधतात, हे पेज वर दिसतं, ते फोन लावतात आणि यांच्या जाळ्यात सापडतात. मग तक्रारी होऊन नंबर बंद झाला असेल, किंवा त्यांनीच फेकून दिला असेल. कंपनीनं तो तुला दिला. पेज मात्र तसंच राहिलं."

शामराव चष्मा पुसत म्हणाले, "मतलब चोरांचा पत्ता आता आपल्या घराचा झाला."

"काका, नंबर बदलूनच टाका ना."

पण बाईंना ते पटेना. आत्ताच सगळीकडे हा नंबर दिला होता. पुन्हा बँक, पुन्हा गॅस, पुन्हा आधार. शिवाय एक विचार त्यांच्या मनात घर करून बसला होता. हा नंबर आपण सोडला तर तो कुणाकडे जाईल? आणि तो माणूस कसा असेल?

अबोली त्यांना पोलिसांच्या सायबर सेलमध्ये घेऊन गेली. टेबलामागच्या अधिकाऱ्यानं नंबर संगणकात टाकला आणि मान वर करून बाईंकडे बराच वेळ पाहिलं. समोर सुती साडी, हातात काठी.

"ये नंबर आपके नाम पे है?"

"हो."

"इस पे तो कई शिकायतें हैं, आंटीजी."

बाईंना वाटलं, तक्रार करायला आलो आणि तक्रार आपल्यावरच निघाली! अबोलीनं सिम घेतल्याची तारीख दाखवली, अधिकाऱ्यानं ती पडताळली, मग त्याचा आवाज निवळला. तक्रारी सगळ्या आधीच्या होत्या. त्यानं अर्ज लिहून घेतला, पेज काढायला सांगतो म्हणाला, वेळ लागेल असंही म्हणाला. "तब तक कोई फोन आए तो साइबर हेल्पलाइन 1930 पे शिकायत करने को बोलिए. पैसा गया हो तो जितनी जल्दी, उतना अच्छा."

बाहेर आल्यावर बाईंनी अबोलीला विचारलं, "म्हणजे मी सुटले का अडकले गं?"

"सुटलीस, मावशी."

"नक्की?"

अबोली हसली, पण बाईंना हसू आलं नाही.

त्या दिवसापासून त्या फोन वेगळ्या तऱ्हेनं घ्यायला लागल्या. "मी बँक नाही. कार्डाचा नंबर सांगू नका. कुणालाच सांगू नका." कुणी ऐकायचं, कुणी खेकसायचं. एक दिवस जवळच्या सांवेरहून प्रेमलताबाई नावाच्या एका बाईंचा फोन आला. त्या मोठ्या समजूतदार वाटल्या. त्यांना सकाळी कुणीतरी बँकेतून बोलतोय म्हणून फोन केला होता, एक ॲप टाकायला सांगितलं होतं. त्यांना संशय आला. त्यांनी फोन ठेवला आणि खात्री करून घ्यायला म्हणून मुद्दाम नेटवरून बँकेचा नंबर शोधला, तो हा.

"मैंने सोचा, असली बैंक से पूछ लूँ," त्या म्हणाल्या.

प्रमोदिनीबाईंच्या मनात आलं, एवढी सावध बाई, सगळं बरोबर केलं, आणि पोचली कुठे? हा नंबर अजून त्या पहिल्या मालकांकडे असता तर?

"बहनजी, ये भी असली नहीं है," त्या म्हणाल्या. "मी बँक नाही. हा नंबर चोरांचा होता, आता माझा आहे."

प्रेमलताबाई सावकाश म्हणाल्या, "तो मैं कैसे मानूँ कि आप चोर नहीं हो?"

प्रमोदिनीबाईंना कळेना, आपण चांगल्या आहोत हे फोनवर सिद्ध कसं करायचं? जितकं गोड बोलावं तितका संशय वाढायचा.

"मत मानिए," त्या शेवटी म्हणाल्या. "बिलकुल मत मानिए. माझं काही ऐकू नका. फोन ठेवा. कार्डाच्या मागे नंबर छापलाय, पासबुकावर पण आहे, तो लावा. नाहीतर सरळ ब्रँचमध्ये जा."

"मेरे पास कार्ड है. पीछे लिखा तो है कुछ."

"मला वाचून दाखवू नका!" बाई जवळजवळ ओरडल्या. फोन कट झाला. प्रेमलताबाईंनी पुढे काय केलं ते त्यांना कधीच कळलं नाही. रात्री मात्र शामरावांना हे सांगताना त्यांचा सूर जरा वरचा लागला होता. लोक किती भोळे, कसे पटकन बोलून जातात, आपण असतो तर तिथल्या तिथे ओळखलं असतं, असा.

आणि नंतर, दिवाळीच्या सफाईत घर उलटंपालटं झालेलं असताना, डब्यांची रांग जमिनीवर आणि बाईंच्या डोक्याला फडकं, तेव्हा फोन वाजला.

"प्रमोदिनी डबीरजी बोल रही हैं?"

त्यांना बरं वाटलं. निदान हा त्यांनाच विचारत होता, बँकेला नाही.

"मैडम, बँकेच्या सिक्युरिटी विभागातून बोलतोय," तो माणूस स्वच्छ, शांत आवाजात म्हणाला. त्यानं बँकेचं नाव घेतलं, ते त्यांच्याच बँकेचं होतं. "तुमच्या मोबाईल नंबरवर फसवणुकीच्या तक्रारी आहेत. पोलिसांकडे नोंद आहे. हा नंबर तुमच्या खात्याला जोडलेला असल्यामुळे आज संध्याकाळी खातं गोठवावं लागेल."

बाईंनी हातातला डबा खाली ठेवला. तक्रारी! पोलीस! हे सगळं खरंच होतं की. ही गोष्ट घरचे, अबोली आणि सायबर सेल सोडून कुणालाच माहीत नव्हती. म्हणजे हा माणूस खरा. नाहीतर त्याला कळलं कसं?

"पण साहेब, मी अर्ज दिलाय. ते बोलले की माझं काही नाही यात."

"बरोबर, मैडम. म्हणूनच तर फोन केला. तुम्ही निर्दोष आहात हे आम्हाला दिसतंय. फक्त खात्यातून हा नंबर वेगळा करायचा, म्हणजे गोठवणं टळेल. ब्रँचमध्ये आलात तर आज दिवस जाईल, तोवर सिस्टम लॉक होईल."

निर्दोष. तो शब्द ऐकून बाईंना इतकं हलकं वाटलं, की डोळे भरून आले. इतके दिवस त्यांना कुणीतरी हेच म्हणायला हवं होतं. त्यांनी पर्समधून कार्ड काढलं. आकडे वाचले. मागचे तीन वाचले. कुठेतरी आत एक बारीक आवाज म्हणत होता, की हे आकडे आपण लोकांना सांगू नका म्हणत होतो. पण ते लोक वेगळे, त्यांना चोर भेटले होते. यांना तर सगळं माहीत आहे.

मेसेज आला. त्यांनी ओटीपी वाचून दाखवला.

"बहुत अच्छे. आता दुसरा येईल, तो कन्फर्मेशनचा."

दुसरा आला. चष्मा पदरानं पुसून त्यांनी तो वाचायला घेतला आणि या वेळी, का कोण जाणे, आकड्यांच्या आधीचा मजकूरही वाचला. कुठल्याशा दुकानाचं नाव होतं. टीव्ही का फ्रिजचं. खरेदीची रक्कम होती.

"साहेब, इथे तर खरेदी लिहिलंय."

"मैडम, वो टेस्टिंग है. जल्दी पढ़िए, टाइम जा रहा है."

"पण नंबर वेगळा करायला खरेदी कशाला?"

"पढ़िए!" तो शांत आवाज एकदम खरखरीत झाला.

बाईंनी फोन कट केला. तो एका रिकाम्या डब्यात टाकून दिला. शामराव माळ्यावरून खाली बघत होते. "अगं, काय झालं?"

"अहो, मी सांगितलं. मी सांगून टाकलं सगळं."

मग मात्र त्या थांबल्या नाहीत. कितीतरी लोकांना सांगून सांगून पाठ झालेला 1930 त्यांनी आधी लावला. तिथल्या मुलीनं विचारलेलं सगळं धडपडत सांगितलं. मग कार्डाच्या मागचा नंबर लावून कार्ड बंद करून घेतलं. मग डोक्याचं फडकं तसंच, शामरावांना घेऊन रिक्षानं ब्रँच गाठली.

काउंटरवर रुची नावाची एक तरुण मुलगी होती. तिनं खातं तपासलं. पहिल्या ओटीपीवर बरीच मोठी रक्कम गेली होती, दवाखान्यातून थोडी थोडी करून साठवलेली. दुसरी गेली नव्हती. तक्रार लगेच झाल्यामुळे गेलेल्यातला काही भाग, पैसे जिथे वळवले त्या खात्यातच अडकवता येईल, असं ती म्हणाली. सगळा नाही.

"पण बेटा, त्याला कसं माहीत?" बाई पुन्हा पुन्हा तेच विचारत होत्या. "माझ्या नंबरवर तक्रार आहे, हे त्याला कुणी सांगितलं? तुमच्यातून कुणी? पोलिसातून कुणी?"

रुचीनं त्यांच्याकडे जरा विचित्र नजरेनं पाहिलं. "काकू, त्याला काहीच माहीत नव्हतं. नाव आणि बँक त्यांना कुठून कुठून मिळतं. बाकी ते सगळ्यांना हेच सांगतात. तुमच्या नंबरवर तक्रार आहे, पोलिसात नाव आहे. रोज शंभर जणांना हेच."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना. माझ्या पप्पांना पण आला होता."

बाकी सगळ्यांसाठी ती थाप होती. बाईंपुरती ती खरी निघाली होती, आणि ते त्या थाप मारणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. त्यांनी हे मनात कितीदा उलटसुलट करून पाहिलं, पण ते नीट बसेना. खोटं बोलणारा माणूस चुकून खरं बोलला, आणि म्हणून त्यांनी विश्वास ठेवला. मग त्यांची चूक नक्की कुठली?

घरी आल्यावर शामराव सरळ स्वयंपाकघरात गेले. त्यांनी चहा केला, साखर जास्त पडली. बाईंना वाटलं, यांनी एकदा बोलून टाकावं. शेवटी त्याच म्हणाल्या, "म्हणा ना काहीतरी. लोकांना शिकवत होते मी."

"काय म्हणू?" शामराव म्हणाले. "तो मला बोलला असता की आरटीओत तुमच्यावर केस आहे, तर मी पण दिलं असतं सगळं. वो भी बिना केस के."

नेटवरचं ते पेज पुढे काढलं गेलं. अबोलीनं फोन करून सांगितलं तेव्हा बाईंनी दोनदा विचारलं, नक्की निघालं का. तरी फोन येत राहिले, कमी झाले पण येत राहिले. कुणी तो नंबर डायरीत लिहून ठेवला होता, कुणी भावाला पाठवला होता. बाई आता 'कार्डाचा नंबर सांगू नका' एवढंच बोलून थांबत नव्हत्या. कुणी ओरडला तर त्याला ओरडू द्यायच्या. कुणी रडत म्हणालं, मी एवढी शिकलेली, मला कसं कळलं नाही, की त्या म्हणायच्या, "मला पण नाही कळलं. तक्रार केली का? आधी ती करा, मग रडू." आणि फोन ठेवल्यावर थोडा वेळ हातातली पुडी तशीच धरून बसायच्या.

होळीच्या सुमारास दवाखान्यात एक फोन आला. मुलीचा आवाज, मराठी. "डबीर काकू, बँकेतून बोलतेय. तुमची अडकलेली रक्कम सुटलीये, एक सही हवीये."

बाईंनी आवाज ओळखीचा वाटतो का ते आठवून पाहिलं. वाटत होता. नव्हताही. "बरं," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला. डॉक्टरांना सांगून, काठी घेऊन त्या सरळ ब्रँचमध्ये गेल्या.

रुची काउंटरवरच होती. "काकू! मी बोलतच होते, तुम्ही कट केला."

"तूच होतीस का?"

"हो ना. मीच."

बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं, मग कागदाकडे. "असशील," त्या म्हणाल्या. "मला फोनवर काही कळत नाही गं आता. चिडू नकोस."

रुची हसली आणि पेन पुढे केलं. बाईंनी कागद वरपासून खालपर्यंत वाचला, मागची बाजूही उलटून पाहिली, रांगेतले लोक खोकायला लागले तरी वाचत राहिल्या. मग सही केली. परत आलेले पैसे गेलेल्यांपेक्षा बरेच कमी होते. बाहेर ऊन चढलं होतं. रिक्षावाल्यानं विचारलं, "किधर चलना है, आंटीजी?" आणि अजून त्या कागदातच असलेल्या प्रमोदिनीबाईंना क्षणभर आठवेना, आपण दवाखान्यातून आलो होतो का घरून.